पेठेतला जर्मन

आमच्या पेठेत एका माणसाला आजही सगळे ‘जर्मन’ म्हणतात. रंगाने सावळा, बोलायला अस्सल कोल्हापुरी, आणि आयुष्यात मिरजेच्या पलीकडे फारसा न गेलेला. पेठेत नव्याने आलेल्या सुनांना वाटतं, याचं जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांचं दुकान असणार. तसलं काही नाही. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी वारलेल्या एका जर्मन गणितज्ञामुळे त्याला हे नाव पडलं, आणि ते पाडण्यात माझा हात आहे. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. मी नुकतीच एमएस्सी होऊन एका कॉलेजात गणित शिकवायला लागले होते. मला एक खोड आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती दहा जणांना सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही, आणि त्यात कुणावर अन्याय झालेला असला तर मग विचारूच नका. आई म्हणायची, हिच्या अंगात येतं. त्या पावसाळ्यात लायब्ररीत एक जुनं पुस्तक चाळताना तो जर्मन माझ्या अंगात आला.

कॅल्क्युलसमध्ये बेरजेची एक खूण असते. इंग्रजी एस वरून-खालून धरून ताणला तर जसा दिसेल तशी. विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. एखाद्या गोष्टीचे बारीकात बारीक तुकडे करायचे आणि ते सगळे परत जोडायचे, एवढं ती एकटी खूण सांगते. मी ती कॉलेजात असल्यापासून रोज काढत होते. ती कुणी एका माणसाने, एका दिवशी, विचार करून काढलेली आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. आकाशातून पडल्यासारखी ती फळ्यावर असायची.

तो माणूस म्हणजे हा जर्मन. गणिती, तत्त्वज्ञ, वकील, सगळंच. गुणाकार करणारं यंत्र त्याने बनवलं. सगळे आकडे नुसत्या शून्य आणि एकमध्ये लिहून दाखवले, तेव्हा कुणाला त्याचा उपयोग कळला नव्हता. पोटासाठी एका राजघराण्याच्या पदरी राहून त्यांच्या वाडवडिलांचा इतिहास लिहीत बसला. आणि त्याच काळात इंग्लंडात एक दुसरा महापंडित होता, त्यानेही कॅल्क्युलस शोधलेलं. इंग्रजाने आधी शोधलं, पण पेटीत ठेवलं. जर्मनाने नंतर शोधलं, पण आपल्या डोक्याने शोधलं आणि आधी छापलं. इंग्रजाची माणसं म्हणाली, हा चोर आहे. जर्मनाने भोळेपणाने इंग्लंडातल्या विद्वानांच्या सभेकडे दाद मागितली. त्या सभेचा प्रमुख कोण? तोच इंग्रज. निकालाचा कागद बहुतेक लिहिला कोणी? त्यानेच. निकाल काय लागला असेल ते सांगायला गणित यावं लागत नाही. पुढे तीन-चार वर्षांत जर्मन वारला, तेव्हा त्याच्या मयताला दरबारातलं कुणी गेलं नाही. त्याचा कारकून तेवढा होता म्हणतात. कबरीवर कितीतरी वर्षं नावसुद्धा नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीतल्या बाकावर हात आपटला. शेजारचा मुलगा पेपर घेऊन उठून दुसरीकडे गेला.

आमचं घर तालमीच्या समोर. तालमीचे वस्ताद म्हणजे माझे थोरले चुलते. सगळी पेठ त्यांना वस्ताद म्हणे, आम्ही घरचे आबा म्हणायचो. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर आबांची खुर्ची असायची आणि भोवती पैलवान, तरुण मंडळाची पोरं, दूध घालून परत निघालेले गवळी. त्या दिवशी कॉलेजातून आले ती घरात न जाता मी थेट कट्ट्यावर गेले आणि सगळी हकिकत तिखटमीठ न लावता सांगितली. तिला तिखटमिठाची गरजच नव्हती. पोरं च्‌च् करत होती. कोडोलीचा एक थोराड पैलवान तालमीत राहायचा, त्याने इंग्रजाला आमच्याकडची एक शिवी दिली. मी थांबल्यावर आबांनी एकच विचारलं.

“पंच कुणाचा हुता?”

“त्या इंग्रजाच्याच सभेचा, आबा. आणि पंचामागं तो स्वतःच.”

आबा उठले आणि तालमीत गेले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण आबांना कुठली कुस्ती आठवली ते पेठेत सगळ्यांना कळत होतं.

आबा ऐन उमेदीत असताना कानडी सीमेकडच्या एका गावच्या जत्रेत लढले होते. समोर त्या भागातला नावाजलेला गडी. आबांचा एक घिस्सा होता. घिस्सा सगळेच मारतात, लांगेत, म्हणजे लंगोटात, हात घालून समोरच्याला उलथतात. पण आबा ओढायच्या आधी गुडघा त्याच्या कमरेशी टेकवायचे आणि मग त्याच गुडघ्यावरून त्याला फिरवायचे. हा त्यांचा स्वतःचा शोध, कुणी शिकवलेला नाही. त्या दिवशी त्यांनी तो मारला आणि गड्याची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत मातीने लाल झाली. पंच तिथला, गड्याच्या वस्तादाचा नात्यातला. तो म्हणाला, आधी कोल्हापूरच्याचा खांदा लागला. फेटा त्या गड्याला बांधला. आबा घरी आले, लांग खुंटीला अडकवली आणि परत मैदानात उतरले नाहीत. पोरं घडवत राहिले. मानमरातब कमी नव्हता, पण भांडणात कुणाचं तोंड सुटलं की “वस्ताद काय, हरल्यालंच हाय की” एवढं यायचं, आणि ते आबांना कधी पचलं नाही. मी लहानपणी त्यांना एकदा त्याबद्दल विचारलं, तेव्हा काकूने मला पाठीत धपाटा घातला होता.

असो. गणपती जवळ आले होते आणि मंडळाचा देखावा ठरत नव्हता. शेजारच्या पेठेने धबधबा करायचा ठरवला होता, खऱ्या पाण्याचा. आमचं नाक खाली जायची वेळ. मंडळाचा अध्यक्ष दुधाचा धंदा करायचा, डोक्याने बेरकी. तो म्हणाला, अक्कांची, म्हणजे माझी, ती इंग्रज-जर्मन कुस्तीच लावू की सजीव देखावा म्हणून, पैलवान घरचे, माती घरची, पाणी लागत न्हाय. सभा हसली. मी हसले नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत माझी संहिता डोक्यात तयार होती.

कोडोलीचा पैलवान उंच आणि त्यातल्या त्यात गोरा, तो इंग्रज झाला. जर्मन झाला आमच्या पेठेतलाच एक मुसलमान पैलवान, आबांचा लाडका पठ्ठ्या. त्याचे वडील मंडळाच्या मांडवाचे पडदे वर्षानुवर्षं शिवायचे आणि मोहरमला पंजा बसायचा तो याच तालमीत, त्यामुळे गणपतीत तो असणारच होता. त्या काळचे पंडित खांद्यापर्यंत केसांचे टोप घालत. जर्मनाचा टोप काळाभोर असायचा असं मी वाचलं होतं. तो पैलवानाच्या आईने घोंगडीची लोकर सोडवून केला, आणि असा केला की पोरगं आरशासमोरून हलेना. पंच म्हणून कोपऱ्यावरचा वह्या-पेन्सिलींचा दुकानदार घेतला, कारण त्याच्याकडे काळा कोट होता. शेवटासाठी गणपतीच्या मागे बांबूची, माणसाहून उंच, ती बेरजेची खूण बांधली आणि तिला बल्ब लावले. शिरोलीला एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या दोघांनी ते काम केलं. बटण दाबलं की खूण पेटणार.

संहिता सोपी होती. मी माइकवरून सांगणार की ही दोन डोक्यांची कुस्ती आहे. दोघे लढणार, कुस्ती बरोबरीची होणार, कारण खरोखर तसंच होतं, दोघांनीही आपापल्या बळावर शोधलेलं. पण पंच इंग्रजाचा हात वर करणार. जर्मन एकटा पडणार, मरणार. मग खूण पेटणार आणि मी सांगणार की आज जग त्याचीच खूण काढतं. देखाव्याच्या तालमीला मी आठवडाभर बसले. दोघेही शिस्तीत बरोबरी करत होते. आबा एकदाही तालीम बघायला आले नाहीत. काकूला म्हणाले, तमाशा चाललाय पोरीचा.

पहिल्या दिवशी आरती झाली आणि बघते तर ही गर्दी. नुसती पेठ नव्हे, कसबा बावड्याहून ट्रॉल्या भरून लोक आलेले. आबा नेहमीप्रमाणे स्टेजच्या बाजूला खुर्चीवर, वस्तादांची जागा ती, चुकवता येत नव्हती. मी माइक धरला, पहिलं वाक्य सुटलं आणि मग माझी गाडी थांबली नाही. लोक ऐकत होते. कॅल्क्युलस ऐकत होते, कोल्हापुरात, गणपतीत, शेंगा खात! तो आनंद मला पुढे कुठल्याही वर्गात मिळाला नाही.

मग दोघे मातीत उतरले. आता चूक माझी की त्यांची, मला आजही सांगता येत नाही. कोल्हापूरच्या पैलवानाला एवढ्या लोकांपुढे मातीत उतरवायचं आणि सांगायचं की खोटं खोटं लढ, हे फक्त गणिताच्या बाईलाच सुचणार. पहिली सलामी झाली तेव्हाच बावड्याच्या ट्रॉलीतून आरोळी आली. कोडोलीकराने मान जरा जास्तच दाबली. जर्मनाचा टोप तिरका झाला. लोक हसले आणि जर्मनाचे कान तापले. मी माइकवरून “बरोबरी, बरोबरी” असं दबक्या आवाजात म्हणत होते, ते सगळ्या पेठेला ऐकू जात होतं. पुढच्या क्षणी जर्मनाने लांगेत हात घातला, गुडघा टेकवला आणि इंग्लंडला असं फिरवलं की दोन्ही टोप उडून गणपतीच्या पायाशी पडले. पाठ लागली. सरळ, स्वच्छ, दोन्ही खांदे मातीत.

सगळी पेठ उभी राहिली. टोप्या उडाल्या. आणि त्या दंग्यात आमचे पंच, बिचारे दुकानदार, त्यांना पाठ केलेलं तेवढंच येत होतं. त्यांनी पुढे होऊन इंग्रजाला उठवलं, त्याची पाठ लोकांकडे, तांबड्या मातीने माखलेली, आणि त्याचा हात वर केला.

मग जो ओरडा झाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पंच खाली उतरव, निकाल फिरव, चपला काढू का, असं सगळं. आणि मी पाहिलं तर आबा खुर्चीवरून उठून स्टेजवर चढत होते. गेल्या तीस वर्षांत ज्यांनी लोकांसमोर मातीत पाय टाकला नव्हता, ते चपला काढून त्या मातीत उभे राहिले.

“पाठ कुणाची लागलीया?” त्यांनी पंचाला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

दुकानदार मागे सरकले. “वस्ताद, तसं लिवलंय हो.”

“लिवणारानं डोळं मिटून लिवलंय का?”

लिहिणारी मी. माझ्या हातात माइक. सगळे आता माझ्याकडे बघत होते, आबाही. त्यांच्या डोळ्यांत देखावा नव्हता, सीमेकडची ती जत्रा होती. निकाल फिरवला असता तर सगळी पेठ नाचली असती आणि आबांच्या काळजाला थंडावा मिळाला असता. पण ते खोटं झालं असतं, आणि खोट्या निकालाने आबांचं आधीच पुरेसं वाटोळं झालं होतं. मला रडू फुटायला आलं होतं, आणि रागही आलेला, त्या इंग्रजाचा, त्या जत्रेतल्या पंचाचा, सगळ्यांचा.

“आबा,” मी माइकवरच म्हणाले, “तिथं तसंच झालं होतं. निकाल कुणालाच फिरवता आला नाही. बटण दाबा रे.”

खूण पेटली. गणपतीच्या मागे माणसाहून उंच, पिवळीधमक. मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं की मी ओरडत होते. मी म्हणाले, हात वर करणाऱ्या त्या पंचांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. हा निकाल लावणारे इंग्रज आपल्याच माणसाची खूण, अक्षरावरची टिंबं, धरून हट्टाने बसले आणि शंभर वर्षं गणितात मागे पडले. शेवटी त्यांच्याच कॉलेजातल्या पोरांनी भांडून या जर्मनाची खूण घरात आणली. आज लंडनला गणित शिकवतात ते या खुणेने, जपानला शिकवतात ते या खुणेने, आणि उद्या सकाळी मी कॉलेजात जाईन ती हीच खूण काढायला जाईन. खूण काढणाऱ्याला नाव माहीत नसेल, पण हात त्याचाच चालतो.

शिट्ट्या पडल्या, ढोल सुरू झाले. आबांनी त्या खुणेकडे बराच वेळ पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि खाली उतरले. त्या दिवसापासून तो पैलवान जर्मन झाला. देखाव्याला विसर्जनापर्यंत गर्दी हटली नाही, आणि धबधब्याचं पाणी तिसऱ्याच दिवशी आटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले, तर आबा पुढच्या सोप्यात बसलेले. मला हाताने थांबवलं.

“त्या गड्याला कळलं का? हे समदं जग आपली खूण काढतंय म्हणून?”

“नाही आबा. तो आधीच गेला होता.”

“मग काय उपेग?”

मी चप्पल घालून निघाले. वर्गात फळ्यावर ती खूण काढली तेव्हाही आबांचा प्रश्न डोक्यात होता.

त्याच हिवाळ्यात खासबागेत कुस्त्यांचं मोठं मैदान भरलं. जर्मनाची कुस्ती सीमेपलीकडच्या एका तरण्या गड्याशी लागली होती. आबा मला म्हणाले, चल, तुझ्या जर्मनाची कुस्ती बघ. काकू म्हणाली, बायकामाणसं कुठं जातात का तिथं. आबा म्हणाले, हिनं सगळ्या पेठेला कुस्ती शिकवली, आता काय राहिलंय. मी काकूकडे न बघता निघाले. वस्तादांची पुतणी म्हणून मला पुढे जागा मिळाली आणि आजूबाजूच्या पुरुषांनी जरा अंग चोरून घेतलं.

कुस्ती चांगली रंगली. जर्मन भारी पडतोय असं वाटत होतं आणि मी बेभान होऊन उठत-बसत होते. तेवढ्यात त्या गड्याने लांगेत हात घातला. मी बघते तर ओढायच्या आधी त्याने गुडघा जर्मनाच्या कमरेशी टेकवला. मला काही कळायच्या आत आमचा जर्मन त्या गुडघ्यावरून फिरला आणि चीतपट झाला. घरच्याच डावाने.

आमच्या लोकांनी डोक्याला हात लावला. मी आबांकडे पाहिलं तर आबा उठून उभे, दोन्ही हात वर, तोंडभर हसताहेत. मला वाटलं, धक्क्याने काही झालं की काय. ते तसेच माणसांच्या अंगावरून आत गेले. मीही मागे पळाले. आपला पठ्ठ्या अजून मातीत बसलेला, त्याच्याकडे बघायचं सोडून त्यांनी त्या परक्या गड्याला मिठी मारली आणि विचारलं, ह्यो डाव तुला कुणी दिला.

तो पोरगा दमलेला, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा, आबांना अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणत होता. “नम्म वस्तादांचा हाय, अज्जा. समदी आमची तालीम मारती. त्यांच्यावर एका कोल्हापूरच्या पैलवानानं मारला हुता, जत्रेत. वस्ताद सांगायचे, माझी पाठ लागली हुती, खरं पंचांनी हात माझाच वर केला. तो डाव मी जन्मभर इसरलो न्हाय, म्हनून तुमाला देतो.”

“तुझं वस्ताद कुठं असत्यात?”

“वारले, अज्जा. मागच्या पावसाळ्यात.”

आबांनी मान हलवली. मी तोंड उघडलं होतं, सगळ्या मैदानाला ओरडून सांगायला की तो पैलवान हाच, हाच उभा आहे तुमच्यासमोर. आबांनी नुसता माझा हात दाबला. मग आपल्या डोक्याचा फेटा उतरवून त्यांनी त्या पोराला बांधला. पोराला त्याचं कारण कळलं नाही. तो वाकून पाया पडला आणि आपल्या माणसांत गेला.

आम्ही चालत घरी आलो. मागून जर्मन मान खाली घालून येत होता. आबा त्याला समजावत होते की हरलास ते तुझा गुडघा मोकळा राहिला म्हणून, उद्या सकाळी दाखवतो. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर थांबून बोलत होते. दाराशी आल्यावर जर्मन तालमीत गेला आणि आबा पायरीवर थांबले. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच रस्त्यावर फेट्याशिवाय बघत होते, पांढरं, घामेजलेलं.

“पोरी, तुझ्या त्या जर्मनाला शेवटपतूर कळलं न्हाय न्हवं?”

“नाही आबा.”

“मला कळलं,” ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी काकूला ताट वाढायला सांगितलं.